कंबरेशी थांबलेला किरण

करवीरनिवासिनी अंबाबाईचे देऊळ पश्चिमाभिमुख आहे, आणि नोव्हेंबरच्या ९, १० व ११ या तारखांना, तसेच जानेवारीच्या ३१ व फेब्रुवारीच्या १ आणि २ या तारखांना, मावळतीचा किरण महाद्वारातून आत शिरतो, गरुडमंडप आणि कासव चौक ओलांडून पितळी उंबरठ्याशी येतो व तेथून गर्भगृहात जाऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांस, दुसऱ्या दिवशी वक्षःस्थळास आणि तिसऱ्या दिवशी मुखास स्पर्श करतो, ही गोष्ट कोल्हापुरात वाढलेल्या मुलास शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक झालेली असते. या दोन्ही तारीख-त्रयी डिसेंबरातील दक्षिणायनान्तापासून सारख्याच अंतरावर, म्हणजे मागेपुढे सहा-सहा आठवड्यांवर येतात, आणि त्या दिवसांत आपल्या अक्षांशावरचा सूर्य ठीक पश्चिमेस न मावळता सुमारे १८ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो, हे ज्याने कधी कंपास हाती घेऊन पाहिले असेल, त्यास त्या अनामिक स्थपतीचा हिशेब किती नेमका होता याची कल्पना येईल. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांतून सहा दिवस, आणि त्या सहा दिवसांतूनही काही मोजकी मिनिटे, एवढाच काय तो या घटनेचा अवसर.

परंतु किरणोत्सवाची जी गोष्ट मला आज सांगावयाची आहे, ती किरण मुखापर्यंत पोहोचतो त्या दिवसाची नव्हे. तो पोहोचत नाही त्या दिवसाची आहे. आकाश निरभ्र असते, गर्दी श्वास रोखून उभी असते, गर्भगृहातले दिवे मंद केलेले असतात, किरण उंबरठा चढतो, चरणांवर येतो, गुडघ्यापर्यंत जातो, कंबरेशी येऊन क्षणभर रेंगाळतो आणि तेथेच लोप पावतो. अशा वेळी गर्दीतून एखादा म्हातारा शेजाऱ्याला हमखास म्हणतो, "रंकाळ्याकडं कुणीतरी मजला चढवला बघ." त्याने तो मजला पाहिलेला नसतो. देवळाच्या आतून तो दिसण्याचा संभवही नसतो. गणित असे सांगते की किरण आज अमुक ठिकाणी यावा, प्रत्यक्षात तो तेथे आला नाही, तेव्हा मधे काहीतरी आहे, एवढ्या तीन पायऱ्यांवरून त्याने एका अदृष्ट इमारतीचा शोध लावलेला असतो. आणि पुढे महानगरपालिकेची माणसे महाद्वार रोडपासून रंकाळा तलावापर्यंतच्या अडथळ्यांची पाहणी करतात, तेव्हा त्याचे म्हणणे बरेचदा खरेही ठरते. क्वचित खोटेही ठरते, कारण दोष इमारतीचा नसून पश्चिम क्षितिजावरच्या बाष्पाचा किंवा धुळीचा असतो. म्हणून अलीकडे शहरातील पदार्थविज्ञानाचे अभ्यासक प्रकाशमापक घेऊन वाटेतील एकेका टप्प्यावर किरणांची तीव्रता मोजीत जातात, म्हणजे प्रकाश कोठे व किती गळाला याचा दाखला राहतो.

कणभौतिकीतील दुर्मिळ क्षयांचे सारे शास्त्र या म्हाताऱ्याच्या तर्काहून स्वरूपतः निराळे नाही, असे मी म्हटले तर जिनिव्हाचे विद्वान मला क्षमा करोत. सिद्धान्त सांगतो की अमुक घटना शंभर कोटींत चार वेळा घडावी, प्रयोग मोजतो, आणि दोन आकड्यांत तफावत निघाली, तर त्या तफावतीमागे आजवर कोणीही न पाहिलेला एखादा कण उभा असावा, असा संशय घेण्यास जागा होते. दुर्मिळ घटनेसच का जावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. भर दुपारी अंगणात पडलेल्या उन्हातून एक कवडसा कमी झाला तर कोणास कळणार? जेथे प्रकाशच मुळात एका अरुंद झरोक्यातून येतो, तेथे मात्र वाळत घातलेल्या धोतराची सावलीही लपत नाही.

'क्षय' हा शब्द मराठी कानास थोडा अशुभ वाटतो, आणि तो वाटावा असे या शास्त्रात काही नाही. कणाचा क्षय म्हणजे त्याचे झिजणे नव्हे. म्यूऑन नावाचा कण, जो इलेक्ट्रॉनाहून सुमारे २०७ पट जड आहे, तो सरासरीने एका सेकंदाच्या दशलक्षांशाच्या दुप्पटीहून किंचित अधिक काळ टिकतो. पण त्या अवधीच्या अखेरीस तो जन्मवेळेइतकाच कोवळा असतो, आणि मग एकाएकी नाहीसा होऊन त्याच्या जागी दुसरे हलके कण उभे राहतात. जड कणांपुढे असे नाहीसे होण्याच्या अनेक वाटा असतात. कोणत्या वाटेने किती जावयाचे याचे प्रमाण निसर्गाने ठरवून दिलेले आहे. एकटा कण कोणती वाट धरील हे मात्र कोणासही सांगता येत नाही. त्यांतली एखादी वाट अशी असते की तीवरून अब्जावधींत दोन-चारच जातात. त्या वाटेवर जाऊन बसणे, हा या प्रकरणाचा विषय.

अशी पाळत फळास आल्याचा पहिला मोठा दाखला के मेसॉनाचा आहे. विद्युत्भारविरहित व दीर्घायुषी अशा या कणाने दोन म्यूऑनांत रूपांतरित व्हावे, आणि तेही बऱ्यापैकी वारंवार, असे त्या काळच्या तीन क्वार्कांच्या (मेसॉनासारखे कण ज्यांचे बनतात त्या मूलकणांच्या) कल्पनेवरून निघत होते. प्रत्यक्षात शोधूनही तसे सापडत नव्हते. किरण यावयास हवा होता, तो आला नाही. १९७० साली शेल्डन ग्लॅशो, जॉन इलिओपोलोस आणि लुचियानो माइआनी या तिघांनी असे मांडले की चौथा एक क्वार्क असला पाहिजे, आणि त्याच्यामुळे उघडणारी दुसरी वाट पहिल्या वाटेस जवळजवळ पूर्णपणे खोडून काढीत असली पाहिजे. चार वर्षांनी मेरी गेलार्ड आणि बेंजामिन ली यांनी के मेसॉनाच्याच अशा दुर्मिळ वर्तनावरून त्या क्वार्काचे वस्तुमान साधारण किती असावे याचाही अंदाज बांधला. आणि त्याच १९७४ च्या नोव्हेंबरात ब्रुकहेवन व स्टॅनफर्ड येथील दोन स्वतंत्र प्रयोगांत तो 'चार्म' क्वार्क खरोखरच हाती आला. पुढे के मेसॉनाचा तो म्यूऑनी क्षयही मोजला गेला: अब्जांत सुमारे सात. रंकाळ्यावरचा मजला पाहण्याआधी त्याची उंची सांगावी, तशातलाच हा प्रकार होता, आणि तेव्हापासून दुर्मिळ क्षयांच्या मागे लागण्यास या शास्त्रात एक प्रतिष्ठा आली.

आता ज्या क्षयाची कथा गेल्या पिढीत सर्वांत अधिक गाजली, त्याकडे येऊ. 'बी-एस' नावाचा मेसॉन हा एक प्रति-बॉटम क्वार्क आणि एक स्ट्रेंज क्वार्क यांची जोडी होय. त्याचे वस्तुमान प्रोटॉनाच्या पावणेसहा पटींच्या आसपास आणि आयुष्य सेकंदाच्या एक लाख-कोट्यांशाच्या दीडपट. एवढ्या काळात प्रकाशही अर्धा मिलिमीटर चालत नाही, पण अतिवेगाने धावणाऱ्या कणाचे घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालते, या सापेक्षतेच्या कृपेने हा मेसॉन कोलायडरात काही मिलिमीटर, प्रसंगी सेंटिमीटरभर अंतर काटतो. (सापेक्षतावादाचा उल्लेख आला म्हणून सांगतो: त्या विषयात आयुष्य घालविलेले विष्णु वासुदेव नारळीकर हे कोल्हापूरचे, आणि त्यांचे चिरंजीव जयंतराव यांचा जन्मही १९३८ साली येथलाच, तेव्हा मंद चालणाऱ्या घड्याळाचे या गावास वावडे असू नये.) हा मेसॉन दोन म्यूऑनांत, एका धन व एका ऋण, फुटावा, हीच ती दुर्मिळ वाट.

ती दुर्मिळ का, हे समजण्यास कचेरीचा दाखला बरा. बॉटम क्वार्कास स्ट्रेंज क्वार्काशी परस्पर व्यवहार करून विद्युत्भाररहित रीतीने निकालात निघण्याची सरळ परवानगी निसर्गाच्या नियमांत नाही. अर्ज थेट मंजूर होत नाही. तो वळशाने, डब्ल्यू बोसॉन आणि टॉप क्वार्क अशा दोन अतिशय जड अधिकाऱ्यांच्या टेबलांवरून फिरून यावा लागतो, आणि ते अधिकारीही प्रत्यक्ष हजर नसतात, पुंजयामिकीने उसन्या दिलेल्या क्षणापुरते त्यांचे शिक्के तेवढे उमटतात. एवढ्याने भागत नाही. जनक कणास स्वतःची फिरत (स्पिन) नाही, म्हणून विरुद्ध दिशांनी निघालेल्या दोन म्यूऑनांच्या फिरती एकमेकींस फेडणाऱ्या असाव्या लागतात. पण दुर्बल बलास कणाची डावखोरी आणि प्रतिकणाची उजवखोरी एवढीच पसंत, आणि येथे दोहोंपैकी एकास नावडत्या हाताने निघणे भाग पडते. जड कणास अशी सवलत थोडी तरी मिळते, हलक्यास जवळजवळ नाहीच. म्हणून दोन इलेक्ट्रॉनांत फुटणे तर याहूनही कितीतरी दुर्मिळ. या साऱ्या अडवणुकींचा गुणाकार करून सिद्धान्तवाद्यांनी काढलेला आकडा असा: अब्जांत ३.६६, अधिक-उणे ०.२३.

या आकड्याचे महत्त्व असे की जो अर्ज वळशाने जातो, त्याच्या वाटेत आपणास ठाऊक नसलेल्या एखाद्या अधिकाऱ्याचेही टेबल असू शकते. महासममितीच्या, म्हणजे प्रत्येक ज्ञात कणास एक अज्ञात जोडीदार कल्पिणाऱ्या सिद्धान्ताच्या, काही मांडण्यांत तर हा क्षय कित्येक पटींनी वाढावा असे निघत होते. वळशात भाग घेणारा कण प्रत्यक्ष उत्पन्न करण्याइतकी ऊर्जा यंत्रात नसली तरी चालते. त्याची सावली आकड्यात पडते. हे ओळखूनच १९८४ साली कॉर्नेलच्या क्लिओ प्रयोगाने बी मेसॉनांच्या अशा क्षयाचा पहिला शोध घेतला, आणि काही सापडले नाही असे नमूद करून प्रमाणाची वरची मर्यादा घालून दिली. पुढे अमेरिकेतील फर्मिलॅबच्या टेव्हाट्रॉनवर सीडीएफ आणि डीझीरो या प्रयोगांनी ती मर्यादा खाली खाली आणली. डीझीरोमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी होती. तीस वर्षांचा काळ असा, 'याहून अधिक नाही, याहूनही अधिक नाही' म्हणण्यात गेला. आणि ज्यांना मोठ्या शोधांच्या बातम्याच वाचण्याची सवय आहे त्यांस हा काळ वाया गेलासा वाटेल, पण सातबारावर दरसाल 'पड' असा शेरा लिहिणाऱ्या तलाठ्यासही जमिनीविषयी बरेच काही कळलेले असते.

मग जिनिव्हाजवळ सर्न या संशोधन संस्थेचे लार्ज हॅड्रॉन कोलायडर सुरू झाले: परीघ २७ किलोमीटर, जमिनीखाली सुमारे शंभर मीटर. त्यात प्रोटॉनांचे थवे समोरासमोर आदळतात, आणि पूर्ण क्षमतेने यंत्र चालले म्हणजे हे सेकंदास चार कोटी वेळा घडते. एवढे सारे लिहून ठेवण्याइतके दफ्तर पृथ्वीवर नाही. म्हणून सीएमएस या प्रयोगात आवक-बारनिशीची दुहेरी व्यवस्था आहे. पहिला कारकून हा नुसता विद्युत्-मंडलांचा बनलेला. तो तीन-चार मायक्रोसेकंदांत कागदावरून नजर फिरवून चार कोटींतले सुमारे एक लाख पुढे जाऊ देतो व बाकीचे कायमचे फाडून टाकतो. दुसरा कारकून म्हणजे हजारो संगणकांचा ताफा. तो त्या लाखांतून हजाराच्या घरातील कागद दप्तरदाखल करतो. आमच्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळचे मोडी रुमाल पाहताना, नको असलेला कागदही कोणी फाडला नाही याचे मला नेहमी समाधान वाटत आले आहे. येथे नेमके उलट आहे, आणि जे फाडले त्याचा पुन्हा शोध नाही. तेव्हा काय ठेवावयाचे हे आधी ठरवावे लागते. सुदैवाने म्यूऑन हा अशा निवडीस फार सोयीचा कण आहे. इतर कण लोखंडाच्या जाड थरांत अडकतात, तो पार होतो. म्हणून चौदा हजार टनांच्या या अवजड शोधकाच्या सर्वांत बाहेरच्या थरात जो पोहोचला तो बहुधा म्यूऑन, असे धरून चालता येते. ३.८ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात त्याचा मार्ग किती वाकला यावरून त्याचा संवेग, आणि दोघांच्या संवेगांवरून त्यांच्या जनकाचे वस्तुमान. आपल्या देशाचा या यंत्रातील वाटाही येथेच सांगितला पाहिजे: चुंबकाच्या वेटोळ्याबाहेरील उष्मामापकाचा थर, आतून निसटलेली ऊर्जा टिपण्यासाठी, कुलाब्याच्या टाटा संस्थेच्या पुढाकाराने भारतात तयार झाला. म्यूऑनांच्या या शोधाशी त्याचा संबंध दूरचा आहे. पण गळती मोजण्याचे काम आपल्याकडे आले, हे मला औचित्याचे वाटते.

आता खरी अडचण. ज्यास शास्त्रज्ञ पार्श्वभूमी म्हणतात आणि सामान्य मनुष्य कचरा म्हणेल, त्या गोष्टीची ही कथा आहे. दोन म्यूऑन दिसले म्हणजे ते एकाच जनकाचे असतील असे नाही. दोन निरनिराळ्या बॉटम क्वार्कांनी प्रत्येकी एक म्यूऑन दिलेला असेल. एखादा पायॉन किंवा के मेसॉन म्यूऑनाचे सोंग घेऊन लोखंडापार गेला असेल. आणि सर्वांत वाईट म्हणजे बी मेसॉनच दोन हॅड्रॉनांत (क्वार्कमय कणांत) फुटून त्या दोघांनीही सोंग घेतले असेल, कारण तेव्हा काढलेले वस्तुमानही जवळजवळ बरोबर जुळते. शंभर खऱ्या घटनांच्या पाठीमागे अशा तोतयांची केवढी फौज उभी असते, हे पाहिले म्हणजे सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची चौकशी करणारे पेशवाईतले पंच फार सुखी होते असे वाटू लागते.

या कचऱ्याच्या गणितास कोणी दुय्यम काम समजू नये. पुण्यात १९५२ साली जन्मलेल्या आणि २०२४ च्या ऑक्टोबरात दिवंगत झालेल्या रोहिणी गोडबोले यांचे नाव जगभरच्या कोलायडर-भौतिकीत ज्या कामाशी जोडले गेले आहे, ते याच जातीचे आहे. मान्युएल ड्रीस यांच्यासह त्यांनी १९९० च्या आगेमागे असे दाखवून दिले की भावी उच्च ऊर्जेच्या यंत्रांत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचे दाट थवे परस्परांजवळून जाताना जे प्रकाशकण फेकतात, ते नुसते प्रकाशकण राहत नाहीत. त्यांच्या अंगी असलेल्या क्वार्क-ग्लूऑनमय बाजूमुळे ते एकमेकांवर आदळून हॅड्रॉनांचा मोठा केर उत्पन्न करतील, आणि इलेक्ट्रॉनांचे यंत्र स्वच्छ असते ही समजूत तेवढ्यापुरती सोडून द्यावी लागेल. यंत्र बांधण्याआधी त्याच्या अंगणात किती पाचोळा पडेल हे सांगणारी ही विदुषी हुजूरपागेत आणि सर परशुरामभाऊ महाविद्यालयात शिकलेली होती. मराठी वृत्तपत्रांनी त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले; परंतु 'ड्रीस-गोडबोले परिणाम' म्हणजे काय ते फारसे कोणी लिहिले नाही, म्हणून ते येथे थोडे ऐसपैस लिहिले.

तोतये वेगळे काढण्याचे उपाय अनेक आहेत. खरा बी-एस मेसॉन जन्मस्थानापासून काही अंतर चालून फुटतो, म्हणून दोन म्यूऑनांचे मार्ग मागे नेले असता ते आघातबिंदूपासून बाजूला, पण एकाच ठिकाणी मिळाले पाहिजेत. आसपास इतर कणांची दाटी नसावी. अशा अनेक लक्षणांचा एकत्र विचार करून संगणकाने प्रत्येक घटनेस गुण द्यावयाचे. पण माणसाच्या मनाचा उपाय निराळा करावा लागतो, कारण इच्छा असली म्हणजे निवडीच्या अटी नकळत इच्छेच्या बाजूस झुकतात. म्हणून वस्तुमानाच्या ज्या पट्ट्यात घटना अपेक्षित, तो पट्टा विश्लेषण करणाऱ्यांपासून मोहोरबंद ठेवावयाचा. अटी ठरल्या, तपासल्या, त्यांवर सहकाऱ्यांचे आक्षेप घेऊन झाले, म्हणजे मगच मोहोर तोडावयाची, आणि तोडल्यावर अटींत बदल करावयाचा नाही. लिलावातील बंद लिफाफ्यांचीच ही रीत. शिवाय 'अब्जांत किती' असे म्हणावयाचे तर ते अब्जही मोजलेले पाहिजेत. ते थेट मोजता येत नाहीत. तेव्हा ज्याचे प्रमाण पक्के ठाऊक आहे अशा दुसऱ्या एका बी मेसॉनाच्या क्षयाचे, ज्यातही शेवटी दोन म्यूऑन निघतात, माप शेजारी ठेवून त्याच्याशी ताडून पाहावयाचे.

२०१२ च्या नोव्हेंबरात क्योटो येथील परिषदेत एलएचसीबी या प्रयोगाने या क्षयाचा पहिला सबळ पुरावा पुढे ठेवला. २०१३ साली सीएमएसचीही साक्ष मिळाली. मग दोन्ही प्रयोगांनी २०११ व २०१२ या वर्षांची आपापली दफ्तरे एकत्र केली, ज्यांत निर्माण झालेल्या बी मेसॉनांची संख्या सुमारे एक लाख कोटी होती, आणि त्यांतून निवडीच्या चाळणीनंतर हाती लागतील अशा अपेक्षित खऱ्या घटना शंभराच्या आतबाहेर. 'नेचर'मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: अब्जांत २.८, चूकभूल वर ०.७ व खाली ०.६. खात्रीचे माप ६.२ सिग्मा. या शास्त्रात 'शोध लागला' असे म्हणण्यास पाच सिग्मा लागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने तसे दिसण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक इतकी कमी असावी लागते. तेव्हा दावा निर्विवाद मान्य झाला. निबंधाखाली हजारो सह्या आहेत, आणि त्यांत मुंबईच्या टाटा संस्थेचे व भाभा अणुसंशोधन केंद्राचे पत्ते आहेत.

किरण मुखापर्यंत पोहोचला होता. सिद्धान्ताचा आकडा आणि प्रयोगाचा आकडा चूकभुलीच्या आत जुळले. पुढे अधिक सामग्रीवर सीएमएसने २०२२ साली ३.८ च्या आसपासचा आकडा दिला, तोही जुळला. महासममितीच्या ज्या मांडण्यांनी कित्येक पटींची वाढ वर्तविली होती, त्यांतील बऱ्याच येथे अडचणीत आल्या. उत्सव पार पडला तरी काही पाहुणे हिरमुसले होऊन परतले, कारण त्यांस किरणाहून अडथळ्याची अधिक आशा होती. ती मानवी आहे. मजला सापडला असता तर नव्या पिढीस काम मिळाले असते.

ही आशा मनुष्यास कोठवर नेते, याचे एक उदाहरण लवकरच मिळाले. बी मेसॉन के मेसॉनासह दोन म्यूऑन देतो, आणि तितक्याच वेळा के मेसॉनासह दोन इलेक्ट्रॉन देतो, असे सिद्धान्त म्हणतो. मार्च २०२१ मध्ये एलएचसीबीने जाहीर केले की इलेक्ट्रॉनांच्या शंभर घटनांस म्यूऑनांच्या पंच्याऐंशीच दिसतात, आणि तफावत ३.१ सिग्मांची आहे. जगभर शेकडो निबंध लिहिले गेले, नवनव्या कणांची नावे ठेवली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच प्रयोगाने अधिक कसून केलेल्या तपासणीनंतर सांगितले की इलेक्ट्रॉन म्हणून जमेस धरलेल्यांत काही हॅड्रॉन शिरले होते. त्यांस वगळल्यावर प्रमाण सरळ झाले. मजला नव्हता, धूळ होती. स्वतःच्या गाजलेल्या निकालाविरुद्ध स्वतःच कैफियत लिहून देणारी माणसे कोणत्याही खात्यात थोडी असतात, आणि त्या डिसेंबरातील चर्चासत्राचे मोल मी २०१५ च्या निबंधापेक्षा कमी मानीत नाही.

सध्या सर्वांचे लक्ष जपानातील त्सुकुबा येथे आहे. तेथे सुमारे तीन किलोमीटर परिघाच्या सुपर-केईकेबी यंत्रात ७ आणि ४ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टांचे इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन आदळतात, आणि बेल-२ हा शोधक त्यांची नोंद घेतो. त्याच्या गाभ्यातील सिलिकॉनच्या पट्ट्यांचा चौथा थर टाटा संस्थेच्या चमूने जोडून दिलेला आहे. प्रोटॉनांच्या यंत्रात सापडणार नाही अशी एक सोय येथे आहे: आरंभीची जमा पैशा-पैशापर्यंत ठाऊक असते. आघातातून बी मेसॉन निघतात तेव्हा ते नेमके दोन निघतात, दुसरे काही नाही. तेव्हा एका बी मेसॉनाने के मेसॉन आणि दोन न्यूट्रिनो दिले, आणि न्यूट्रिनो कोणाच्याही हाती न लागता निघून गेले, तरी खर्चाच्या बाजूस पडलेल्या खिंडारावरून ते गेले हे समजते. सिद्धान्त म्हणतो, असे दहा लाखांत पाच-सहा वेळा व्हावे. २०१९ ते २०२२ या काळातील ३८ कोटींहून अधिक बी-जोड्यांतून बेल-२ ने २०२३ साली जो आकडा काढला तो दहा लाखांत २३, चूकभूल ७. घटना घडते याचा पुरावा साडेतीन सिग्मांचा, आणि सिद्धान्ताहून ती अधिक घडते याचा २.७ सिग्मांचा.

येथे किरण अपेक्षेपेक्षा अधिक आत आला आहे. खिंडारातून गेलेले सारेच न्यूट्रिनो होते असेही हिशेबवहीवरून सांगता येत नाही. दुसरे कोणी अदृश्यही त्याच दाराने गेले असेल. पण विश्लेषकांनी ज्याच्यावर आधी पाळत ठेवली तो संशयित फार जुन्या ओळखीचा निघाला. १९७० साली ज्याच्या न दिसणाऱ्या क्षयावरून चौथा क्वार्क सुचला, तोच दीर्घायुषी के मेसॉन अनेकदा शोधकातून मागमूस न ठेवता पार होतो आणि जमाखर्चात हुबेहूब न्यूट्रिनोच्या जोडीसारखे खिंडार पाडतो. तो किती वेळा असा निसटतो हे गृहीत न धरता त्यांनी ते मोजले: फाय नावाचा कण फुटून एक अल्पायुषी आणि एक दीर्घायुषी के मेसॉन निघतो अशा घटना वेगळ्या काढल्या, दिसणाऱ्या भावंडावरून न दिसणाऱ्याने कोठून जावयास हवे होते ते ठरविले, आणि त्या जागी शोधकास काही जाणवले की नाही ते एकेका ऊर्जेच्या टप्प्यावर नोंदवीत गेले. पितळी उंबरठ्याशी किती, पायरीशी किती, कंबरेशी किती, अशी ती नोंद आहे. दुरुस्त्यांसाठी थांबलेले यंत्र २०२४ च्या आरंभी पुन्हा सुरू झाले, आणि तो २३ चा आकडा पाच-सहाकडे उतरतो की आहे तेथेच ठाम राहतो, हे सांगण्याइतकी सामग्री जमविण्याचे काम तेथे चालू आहे.